हलल्याशिवाय बोलत नाही

१

डेपोत तिला सगळे ताईच म्हणत. वयानं मोठा असलेला फोरमनसुद्धा ताई म्हणे. आणि ज्याची ती खरोखरच ताई होती, तो ठोंब्या तेवढा तिला 'साहेब' म्हणून चिडवी. ठोंब्या हे त्याचं लहानपणीचं नाव. आता तो बस चालवत होता, त्याला शाळेत जाणारी मुलगी होती, कपाळावरचे केस निम्म्या डोक्यापर्यंत मागे सरकले होते, पण ताईच्या तोंडून दुसरं नाव निघत नसे. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताईनं लग्न केलं नव्हतं. जगात तिचं म्हणावं असं हे एकच माणूस, आणि तेही रोज बसभर लोक घेऊन रस्त्यावर जाणारं. तिचा जीव सारखा टांगणीला लागलेला असायचा, आणि हे लपवणं तिला कधी जमलंच नाही.

बसच्या चालीवर नजर ठेवायचं तिचं काम, आणि तिची खोली वर्कशॉपच्या डोक्यावर होती. लोखंडी जिना चढून गेलं की एक टेबल, एक स्क्रीन, कोपऱ्यात चहाची किटली, भिंतीवर सिग्नल पकडणारी एक करडी पेटी. मोठ्या काचेतून खाली बसची टपं दिसायची. सकाळी एकेक बस फाटकातून बाहेर पडायची आणि स्क्रीनवर एकेक करून रेघा उठायच्या.

या रेघा पाठवायची ती बटणं. बटण हे आपलं वर्कशॉपमधलं नाव. कंपनीनं दिलेलं नाव एवढं लांबलचक होतं की फोरमन म्हणायचा, ते पूर्ण उच्चारेपर्यंत गाडी स्टँडला लागते. नाण्याएवढी वस्तू, प्रत्येक बसच्या पुढच्या आसाजवळ चिकटवलेली. तिला ना वायर, ना बॅटरी. आत स्प्रिंगवर बसवलेलं एक लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. चाकाला धक्का बसला की चुंबक हलायचं, त्यातून चिमूटभर वीज व्हायची आणि तेवढ्या विजेवर बटण आपली हालचाल जवळच्या पेटीला कळवून टाकायचं. प्रत्येक बसमध्येही अशी एक पेटी होती, ती मोबाईलच्या जाळ्यावरून रेघा डेपोत पाठवायची. गाडी उभी राहिली की थोड्याच वेळात बटण मुकं. "कामाचं माणूस असावं तर असं," फोरमननं पहिल्याच दिवशी शिफारस केली होती. "हलल्याशिवाय बोलत नाही."

ताईला त्या रेघांचं वेड लागलं होतं. पुढेमागे, डावीउजवीकडे, वरखाली अशा तीन रेघा. त्यांवरून ती गाडी कोण चालवतंय ते ओळखायची. एकजण क्लच असा सोडायचा की पहिली रेघ उंबरठ्याला ठेच लागल्यासारखी उडायची. ठोंब्याचा हात तर ती झोपेतही ओळखली असती. ब्रेक लावायच्या आधी तो पायानं दोनदा हलकेच चुचकारायचा आणि मग दाबायचा. वडिलांनी त्याला जुन्या गाडीवर असंच शिकवलं होतं. गाडीला आधी विचारावं, मग सांगावं, असं ते म्हणत.

बाकी पद्धत ठरलेली. भरलेली बस होडीसारखी डुलते आणि ते डुलणं रेघांत गिचमीड करतं, म्हणून स्क्रीनवर चाळणी लावलेली असे. संथ लाटा त्या चाळणीत अडकायच्या, धक्के तेवढे खाली पडायचे. ती चाळणी पहिल्या दिवशी लावली ती कुणी काढलीच नव्हती. आणि बसवरून उतरवलेलं बटण ड्रॉवरमध्ये जाईपर्यंत ताईच्या ओव्हरॉलच्या वरच्या खिशात राहायचं. अर्धा डेपो ताईंच्या छातीशी असतो, असं फोरमन म्हणे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडून बसली होती. खाली हातोडा थांबला होता, कंप्रेसर बंद होता. सगळ्या बस बाहेर होत्या आणि त्यांच्या रेघा नेहमीसारख्या चालल्या होत्या. त्यांच्या खाली अजून एक रेघ चालू होती.

ते बटण भंगारात गेलेल्या एका बसचं होतं. बस केव्हाच तुकडे होऊन गेली होती. बटण ताईनं स्वतःच्या हातानं काढलं होतं आणि ते तिच्या गुडघ्याशी, ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं.

२

तिनं ड्रॉवर उघडला. चार जुनी बटणं, एक स्क्रू ड्रायव्हर, तुटका चष्मा. बटणं निपचित पडली होती. तिनं ते बटण उचलून तळहातावर घेतलं आणि श्वास रोखून पाहिलं. काहीही नाही. गार, जड, मुकं. मान वळवून तिनं स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी खड्ड्यातून चालली होती.

खुळ्यासारखं काय करतेस, असं तिनं स्वतःलाच सुनावलं. दुसऱ्या कुठल्या तरी डेपोत चुकून हाच नंबर दिला असेल आणि त्यांचा सिग्नल इकडे भरकटला असेल. तिनं चक्क कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो सभ्य मुलगा होता. त्यानं कोणत्या पेटीनं सिग्नल पकडलाय ते बघायला सांगितलं. माझ्याच खोलीतल्या पेटीनं, ताई म्हणाली. मग बटण पेटीपासून हाकेच्या अंतरावर असलंच पाहिजे, तो म्हणाला, आणि ते हलत असलंच पाहिजे. हलत नाहीये, ती म्हणाली. तर मग बोलणारच नाही हो मॅडम, तो हसून म्हणाला, ते बोलणार कशाच्या जोरावर?

फोरमनला तिनं वर बोलावलं. त्यानं बटण कानाशी नेलं, दातांत धरून पाहिलं, टेबलावर ठेवून वर आपला भलामोठा पंजा दाबून धरला. रेघ चालूच राहिली. "मी दाबून धरलंय आणि हे आपलं गावभर हिंडतंय," तो म्हणाला. मग जरा हसला, आणि हसणं मध्येच सोडून चहा प्यायला खाली गेला. चहाची किटली वर, तिच्याच खोलीत होती.

जेवणाची सुट्टी संपली, खाली हातोडा सुरू झाला आणि रेघ थांबली.

३

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. नेहमी जेवणाच्या सुट्टीत, आणि नेहमी पहिल्यापासून. फक्त दर वेळी आदल्या दिवसापेक्षा जरा पुढे जायचं. ताईचा डबा तसाच परत जाऊ लागला. ती ड्रॉवर उघडा ठेवून बसायची. एक डोळा स्क्रीनवर, एक बटणावर. खोलीत आवाज म्हणजे तिच्या खुर्चीची करकर तेवढी. आणि समोर एक गाडी चाललेली.

रस्ता तिला हळूहळू कळत गेला. आधी डेपोबाहेरचा गतिरोधक. मग एक लांब थांबा, तो रेल्वे फाटकाचा. मग पुलाच्या सांध्यांची टकटक. रेल्वे फाटक, मग पूल, म्हणजे घाटाकडे जाणारा रस्ता. त्यानंतर वळणं. आणि पहिल्याच वळणावर पुढेमागची रेघ दोनदा हलकेच दबली आणि मग खोल गेली.

ताईनं डबा बाजूला सारला. तिनं स्वतःला समजावलं की असा ब्रेक मारणारी माणसं दुनियेत पडलेली असतील. दुसरं वळण. दोनदा हलकेच, मग दाबून. तिसरं. समजूत घालायचं तिनं सोडून दिलं. आपल्या भावाचा पाय होता तो.

तिनं काच पुसली, खाली पाहिलं. ठोंब्या त्या वेळी शहरातल्या मार्गावर होता. त्याच्या बसची रेघ वर वेगळी, सुखरूप चाललेली दिसत होती. तो दोन ठिकाणी गाडी चालवत होता. पुढच्या आठवड्यापासून त्याला घाटाची ड्युटी लागणार होती, हे फलकावर लिहून झालं होतं.

शेवटचा दिवस आला तेव्हा तिला माहीत नव्हतं की तो शेवटचा आहे. वळणं संपली आणि गाडी सरळ रस्त्याला लागली. मग तिन्ही रेघांना बारीक खरखर सुटली, चाकाखाली काहीतरी सैल आल्यासारखी. रस्ता सरळ होता, वळणाचा पत्ता नव्हता, तरी रेघ दोनदा दबली आणि मग खोल गेली. वळण नसताना ब्रेक का, असं तिच्या मनात आलं तोवर तिन्ही रेघा शून्यावर होत्या.

शून्य म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. गाडी उभी असली तरी वरखालीची रेघ शून्यावर येत नाही. जमिनीची ओढ तिला धरून ठेवते. शिकवायला आलेल्या इंजिनिअरनं बटण हातातून गादीच्या खुर्चीवर सोडून दाखवलं होतं. हातातून सुटून गादीवर पोचेपर्यंत, तेवढाच वेळ, तिन्ही रेघा शून्यावर होत्या. खाली आधार नसला की असं होतं, तो म्हणाला होता, तुमच्या बसच्या बाबतीत हे कधी दिसू नये.

इथे ते शून्य गादीपर्यंतच्या अंतरापेक्षा फार लांब चाललं. मग एक धक्का आला, तो स्क्रीनमध्ये मावला नाही. त्यानंतर रेघा सपाट झाल्या. पण बटण बंद झालं नाही. सपाट रेघ कितीतरी वेळ पुढे सरकत राहिली, जणू काहीतरी त्याला अजून थोडं थोडं हलवत होतं, दिसणार नाही इतपत.

४

संध्याकाळी ती ठोंब्याच्या घरी गेली. भावजय कपडे घडी करत होती, पोरगी जमिनीवर पोट टेकून चित्र रंगवत होती. ठोंब्या खुर्चीवर पाय मुडपून बसला होता आणि पायात एकच मोजा होता. दुसरा सापडत नव्हता म्हणून घरात थोडी धुसफूस चालली होती. ताईला ते सगळं इतकं आवडलं की तिला बोलवेना.

मग तिनं सांगितलं. तो आधी हसला. साहेबांना सुट्टीची गरज आहे, असं त्यानं बायकोला सांगितलं. रेघेवरून माणूस ओळखता येत असेल तर हरवलेला मोजा कुठाय तेही सांग, म्हणाला. पोरगी खिदळली. ताई रडायला लागली तेव्हा मात्र त्यानं मुडपलेले पाय खाली सोडले. तिला रडताना त्यानं आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "घाटाची ड्युटी नाही घेत. झालं?"

"बसलाच हात लावू नकोस. पुढचा आठवडा संपेपर्यंत तरी."

"नाही लावत. तुझ्या गळ्याची शपथ."

"माझ्या नको," ती म्हणाली. "पोरीच्या घे."

त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. भावजयीनं घडी घालता घालता दोघांकडे पाहिलं.

फोरमननं काही न विचारता ड्युटी बदलली. घाटाची बस दुसरा ड्रायव्हर घेऊन गेला, तेव्हा ताई दिवसभर जागची हलली नाही. फाटक, पूल, वळणं. घाटमाथ्यावर बस थांबली, पुन्हा निघाली, खाली उतरली, आणि संध्याकाळी धुळीनं माखून फाटकातून आत आली. ड्रायव्हर जांभई देत उतरला. ताईनं खाली जाऊन त्याला स्वतः चहा दिला. त्याला काही उलगडा झाला नाही, पण चहा चांगला होता, असं त्यानं सांगितलं.

आणि ड्रॉवरमधलं बटण त्या दिवशी अख्खी जेवणाची सुट्टी मुकं राहिलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. टळलं, ताईनं मनात म्हटलं. आपण टाळलं.

५

तरी ते बटण खोलीत ठेवायला तिचं मन घेईना. फोरमननं ऐरणीवर ठेवून हातोडा उचलला तेव्हा तिनंच त्याचा हात धरला. तुकडे झाले आणि तरी रेघ चालूच राहिली तर, असं तिला वाटलं. मग मात्र कुठे जायचं? शेवटी इंजिनिअरनंच सुचवलं की बटण घेऊन या, आम्ही उघडून बघतो. सोबत त्या दिवसांच्या कच्च्या नोंदी पाठवा, म्हणाला, चाळणी न लावलेल्या. कंपनीचं ऑफिस डोंगरापलीकडच्या शहरात होतं.

ठोंब्या सुट्टीवरच होता आणि घरी बसून कंटाळला होता. मी सोडतो, तो म्हणाला, तुझं भूत त्याच्या माहेरी पोचवून येऊ. वडिलांची जुनी गाडी त्यानं धुऊन पुसून लख्ख केली होती. ताईनं बजावलं, घाटातून मुळीच जायचं नाही. तलावाच्या कडेनं खालचा रस्ता आहे, लांब पडतो, तिकडून जाऊ. तुम्ही म्हणाल तसं साहेब, तो म्हणाला.

निघायला दुपार झाली. फोरमनला तिनं कच्च्या नोंदी काढून पाठवायला सांगितलं, ड्रॉवरमधून बटण घेतलं आणि सवयीनं वरच्या खिशात टाकलं. खाली हातोडा थांबला होता. माणसं डबे घेऊन सावलीत बसली होती.

गाडी डेपोबाहेरच्या गतिरोधकावरून गेली. ठोंब्या पोरीच्या शाळेतली गंमत सांगत होता. बाईंनी नदी काढायला सांगितली तर हिनं नळ काढला. ताई हसली. खूप दिवसांनी तिला भूक लागली होती. रेल्वे फाटक बंद होतं, ते बराच वेळ थांबले. बटण आपलं खिशात शांत होतं. मग पूल. चाकांखाली सांधे टकटकले. पुलानंतर घाटाचा रस्ता डावीकडे वर गेला आणि ते उजवीकडे वळले. तो फाटा मागे पडला तेव्हा ताईनं सीटला पाठ टेकवली.

तलावाच्या कडेनं रस्ता वळत होता. पहिल्या वळणावर ठोंब्यानं ब्रेक दोनदा हलकेच चुचकारला आणि मग दाबला.

याचा पाय आहे, तो असाच लावणार, तिनं स्वतःला सांगितलं. ही काही बस नाही. दुसरं वळण आलं. तिला वळणाच्या आधीच त्याची लांबी माहीत होती. तिसरंही माहीत होतं. तिनं बाहेर पाहिलं. पाणी एका बाजूला खोल खाली होतं, आणि त्यावर ऊन असं पडलं होतं की नजर ठरत नव्हती.

६

फोन वाजला. फोरमन होता. त्याचा आवाज पडलेला होता.

नोंदी काढल्या, तो म्हणाला. चाळणी काढून पाहिल्या. ताई, ती बस नाही. सगळ्या रेघांच्या खाली एक संथ लाट आहे. वर, खाली, वर, खाली. बस अशी डुलत नाही. मी आधी ओळखलं नाही, मग माझ्या स्वतःच्या छातीवर हात ठेवला तेव्हा कळलं. बटण गाडीला लावलेलंच नव्हतं. कुणाच्या तरी छातीशी होतं.

ताईचा हात खिशावर गेला. हाताखाली बटण होतं, आणि बटणाखाली ती श्वास घेत होती.

"आणि पडल्यावर?" तिनं विचारलं. ठोंब्यानं तिच्याकडे वळून पाहिलं.

"पडल्यावरही लाट आहे," फोरमन म्हणाला. "खूप वेळ आहे. शेवटपर्यंत."

म्हणजे पडूनही ती वाचणार होती. तिला ते लगेच कळलं, आणि त्यात तिला काडीचाही आनंद झाला नाही. सपाट दिसणारी ती लांबच लांब रेघ तिची होती. खाली कुठे तरी पडून ती श्वास घेत राहणार होती. शेजारच्या सीटबद्दल बटणाला काही सांगता येत नव्हतं. त्याला एकच छाती माहीत होती.

तिनं काच खाली करून बटण बाहेर फेकलं. ते पाण्याच्या दिशेनं चमकून नाहीसं झालं. छातीशी बटणच नसेल तर ती नोंद खरी होणार नाही, असं तिला वाटलं. "काय फेकलंस?" ठोंब्यानं विचारलं. वळणं संपली होती. पुढे तलावाच्या बांधावरचा सरळ, रिकामा, कठडा नसलेला रस्ता होता, आणि चाकांखाली खरखर सुरू झाली. नवी खडी पसरली होती, अजून दाबायची होती. फोन मांडीवर पडला होता आणि त्यातून फोरमन ताई, ताई अशा हाका मारत होता. तिच्या छातीत नुसतं एकच होतं, की याला इथून बाहेर काढायचं, आत्ता, पायी, उचलून, कसंही.

"थांब," ती किंचाळली. "ठोंब्या, गाडी थांबव."

आणि तो शब्द तोंडातून सुटता सुटता, वळण नसताना ब्रेक का, याचं उत्तर तिला मिळालं.

त्याचा पाय अडवायला तिनं त्याच्या गुडघ्याकडे हात टाकला. तो तिचं ऐकायचा, लहानपणापासून ऐकत आला होता. त्याचा पाय आधीच ब्रेकवर गेला होता. दोनदा हलकेच, आणि मग दाबून.